‘विष ते विषच’ लिहिणाऱ्या वाचकांना उत्तर

वनस्पतींच्या वायुरूप निरोपांवरच्या माझ्या लेखाखाली रात्री पावणेदोनला आलेली तुमची प्रतिक्रिया वाचली. वाक्यं चारच. विषारी वायूंना ‘झाडांचे सोबती’ म्हणणं हास्यास्पद आहे. विष ते विषच. हे सगळे प्रयोग बाहेरून रसायनं ओतून केलेले, काचेच्या बशीतले. आणि ‘लेखकाने आधी अकरावीचं रसायनशास्त्र उघडावं’. या चौथ्या वाक्यावाचून तुमचं काय अडलं होतं? मुद्दा असेल तर मांडा की, माझं दप्तर कशाला तपासता!

एक चूक मात्र कबूल. हायड्रोजन सल्फाइड पेशीत ‘वायू म्हणून फिरतो’ असं मी लिहिलं होतं. पेशीद्रवाच्या सामूला त्याचा मोठा हिस्सा आयनाच्या रूपात विरघळलेला असतो. दुरुस्ती केली आहे. ही चूक तुम्ही दाखवली नव्हतीत, मलाच नंतर खटकली. पण ते असो.

आता ‘विष ते विषच’. नायट्रिक ऑक्साइड गाड्यांच्या धुरात असतो, बरोबर. तोच रक्तवाहिन्यांना सैल होण्याचा निरोप देतो, आणि त्या शोधासाठी 1998 साली तिघांना वैद्यकाचं नोबेल मिळालं. रोगजंतूंशी लढताना वनस्पतीही हाच रेणू वापरतात, हे दाखवणारे शोधनिबंध त्याच वर्षी आले. पाणी तुटलं की झाडात ॲबसिसिक आम्ल हे संप्रेरक वाढतं, पर्णरंध्राच्या रक्षक पेशींत नायट्रिक ऑक्साइड तयार होतो आणि रंध्रं मिटतात. तो वायू टिपून घेणारं रसायन दिलं, तर त्याच आम्लाचा हुकूम नीट पाळला जात नाही. सोबती नाही तर काय म्हणू?

हायड्रोजन सल्फाइडचंही तेच. पेशी स्वतःच सिस्टीन हे गंधक असलेलं अमिनो आम्ल मोडून तो बनवते. प्रथिनांतल्या ठरावीक सिस्टीनवर गंधकाचा एक जादा अणू चढतो आणि त्या प्रथिनाचं काम बदलतं. हाच वायू फार झाला की तंतुकणिकांचं श्वसन रोखतो. म्हणजे विष आहेच, पण मात्रेचं. ‘अल्प प्रमाणात’ हे शब्द माझ्या लेखाच्या दुसऱ्याच ओळीत होते. तिथवर पोचला नसाल.

आणि हे मला शिकवू नका. विद्यार्थी असताना दोन वर्षं, हाच वायू सोडणाऱ्या सोडियम हायड्रोसल्फाइडची द्रावणं करण्यात घालवली आहेत. कुजक्या अंड्यांचा वास केसांत बसायचा, जेवताना शेजारचा उठून जायचा. हा वायू वाढला की नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो. खरी भीती तेव्हाची, हे पुस्तकात वाचण्याआधी मला तंबी देऊन शिकवलं गेलं होतं.

बाहेरून ओतलेल्या रसायनांबद्दल: नायट्रिक ऑक्साइड पुरवायला वापरतात त्या सोडियम नायट्रोप्रुसाइडमधून सायनाइडही सुटतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून तर परिणाम नक्की कशाचा हे कळायला तुलनेची रोपं ठेवतात. पुढे चला.

बशी नको असेल तर कुंडीतलं टोमॅटोचं रोप घ्या आणि मुळं बुडतील एवढ्या पाण्यात ठेवा. इथिलीन हाही झाडांचा वायुरूप निरोपच. तो बनवण्याची शेवटची पायरी ऑक्सिजनवाचून होत नाही, आणि बुडालेल्या मुळांत तोच नसतो. म्हणून इथिलीनचा कच्चा माल, ‘एसीसी’ नावाचं अमिनो आम्ल, रसाबरोबर वर चढतो. देठांपाशी ऑक्सिजन मिळाला की त्याचं इथिलीन होतं, देठाची वरची बाजू खालच्या बाजूपेक्षा जास्त वाढते आणि पान खाली वळतं. एकदोन दिवसांत दिसेल. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा रोप सुकलं समजून टाकून देणार होतो. पान बोटांत धरलं, तर ताठ.

तेवढं करून बघा आणि मग लिहा. शक्यतो दिवसा.