‘हाय’ला उत्तर दिल्याने किल्ली फुटत नाही

परवा सकाळी देवगडहून काकीचा फोन आला. ऐन आंब्याचे दिवस, पेट्या भरून पडवीत ठेवलेल्या, आणि ती रडकुंडीला आलेली. “मी ता ॲप काडून टाकलंय. आता पैशे जातले काय रे?” गिऱ्हाईकं पैसे फोनवरच देतात, आणि हिने ते ॲपच पुसून टाकलं होतं. कारण काय, तर गावच्या ग्रुपवर आलेला मेसेज.

तो मेसेज असा: जपानी शास्त्रज्ञाने ‘लिनिअर क्रिप्टॅनालिसिस’ने जगातलं सगळं एन्क्रिप्शन, म्हणजे मजकूर गुप्त करायचं तंत्र, फोडलंय. अनोळखी माणसाच्या ‘हाय’ला उत्तर दिलंत की त्याला तुमचा मजकूर आणि त्याचं सांकेतिक रूप दोन्ही मिळतं, त्यावरून तो किल्ली (मजकूर कुलूपबंद करणारा गुप्त आकडा) काढतो आणि बँकेचा ओटीपी वाचतो. उपाय म्हणून खाली एक एपीके फाईल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून ॲप घालायची फाईल. हाच मेसेज नंतर मला कणकवलीतून आणि मालवणातूनही आला, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी ते ‘हाय’. जो तुमच्याशी बोलतोय, त्याच्या फोनला ते संभाषण वाचता येतं, कारण त्याची किल्ली त्याच्याकडे असतेच! त्याने फोडायचं काय? आणि त्या किल्लीचा तुमच्या बँकेशी संबंध काय? शिवाय व्हॉट्सॲपमध्ये प्रत्येक मेसेजला नवी किल्ली तयार होते. एका ‘हाय’ची किल्ली पुढच्या ‘हाय’लाही चालत नाही.

पण लिनिअर क्रिप्टॅनालिसिसचं नाव घेतलंच आहे, तर ती कशी चालते तेही कळू दे. तराजूला पासंग असतो ना, तसं हे आहे. चांगला सायफर (मजकूर सांकेतिक करण्याची रीत) म्हणजे पासंग नसलेला तराजू: आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या ठरावीक बिटांचं (शून्य-एकांचं) नातं निम्म्या वेळा जुळावं, निम्म्या वेळा नाही. डीईएस या जुन्या सायफरच्या पाचव्या एस-बॉक्समध्ये, म्हणजे आलेल्या बिटांऐवजी दुसरे बिट देणाऱ्या तक्त्यात, आत जाणारा एक ठरावीक बिट आणि बाहेर येणाऱ्या चार बिटांची सम-विषम बेरीज ६४ शक्यतांपैकी ३२ वेळा जुळायला हवी. ती १२ वेळाच जुळते. हा पासंग, आणि त्यावरूनच किल्लीचे बिट ओळखतात. मात्र डीईएसच्या १६ फेऱ्यांतून जाताना तो विरत विरत अगदी नगण्य होतो. इथे एकदा वजन करणं म्हणजे मजकूर आणि त्याच्या सांकेतिक रूपाची एक जोडी तपासणं. एवढासा पासंग दोन-चारदा वजन करून दिसत नाही. पासंग निम्मा झाला की चौपट वेळा वजन करावं लागतं.

आता मेसेजमधला खरा भाग, तो मान्य करतो. मित्सुरु मात्सुई या मित्सुबिशीतल्या संशोधकाने ही पद्धत १९९३ मध्ये डीईएसवर मांडली आणि १९९४ मध्ये प्रत्यक्ष किल्ली काढून दाखवली. पण कशी, ते त्याच्याच निबंधात आहे. १२ संगणक, ५० दिवस. त्यातले ४० दिवस नुसते मजकूर आणि त्याच्या सांकेतिक रूपाच्या जोड्या तयार करण्यात गेले. जोड्या २ चा ४३ वा घात, म्हणजे सुमारे ८.८ लाख कोटी, आणि सगळ्या एकाच किल्लीखालच्या. काकीने सेकंदाला एक याप्रमाणे उत्तरं द्यायची म्हटली तर पावणेतीन लाखांहून जास्त वर्षं लागतील. हे झालं ५६ बिटांच्या किल्लीच्या डीईएसचं.

आज फोनमध्ये असतो तो २००१ मध्ये मानक झालेला एईएस हा सायफर. तो रचणाऱ्या डामन आणि रेमन या दोघांना मात्सुईची पद्धत माहीत होती. पासंग टिकूच नये म्हणूनच त्यांनी फेऱ्यांची तशी रचना केली. सलग चार फेऱ्यांत किमान २५ एस-बॉक्स पासंगाच्या आडवे येतात, आणि २५६ बिटांच्या किल्लीला फेऱ्या १४ आहेत. ‘सगळं एन्क्रिप्शन फुटलं’ हे साफ खोटं आहे.

ओटीपीचं म्हणाल, तर पैसे जातात ते कुणीतरी फोनवर तो आकडा सांगतं म्हणून, किंवा फोनमध्ये शिरलेलं एखादं ॲप एसएमएस वाचतं म्हणून. आणि इथेच माझा संताप होतो. सायफरची भीती घालून हा मेसेज लोकांना नेमकं तसलंच ॲप घालायला सांगतोय. अनोळखी एपीकेला एसएमएस वाचायची परवानगी दिलीत, की कुठलंच गणित लागत नाही. ज्यांनी ते घातलं असेल त्यांनी आधी फोनचं नेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा, पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा.

काकीने फाईल उतरवली होती, पण उघडली नव्हती. पुतण्या घरी आला की त्याच्याकडून करून घेणार होती. फोनवरच तिला ती पुसायला लावली, यूपीआय पुन्हा चालू करून दिलं. दुपारी तिने दोन पेट्यांचे पैसे घेतले.