घाटाचा दगड, मेण आणि ‘झाकाझाकी’चा आरोप: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

कोल्हापूरच्या पंचगंगा घाटाच्या माझ्या मिश्र माध्यमातल्या रेखाटनांवर तुम्ही लिहिलेलं दोनदा वाचलं. इतकं बारकाईनं पाहून कुणी कान उपटतं, तेव्हा ‘आभारी आहे’ एवढ्यावर भागवणं बरं नाही, म्हणून हे लांबण.

तुमचे आक्षेप तीन. शाईचं रेखाटन रेषेवरच उभं राहिलं पाहिजे. मेण, चिकटवलेले कागद, पेस्टल (रंगखडू) हे सगळे कच्ची रेषा झाकायचे उद्योग. दुसरा, चित्रकार आबालाल रहमान यांच्या गावात, कोल्हापुरात, स्वच्छ जलरंगाची परंपरा असताना हा चिखल कशाला? आणि तिसरा, चहाचे डाग आणि वर्तमानपत्राचे तुकडे पाच वर्षांत पिवळे पडणार, मग घेणाऱ्यानं काय करायचं?

तिसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण त्यात तुमचं तत्त्व शंभर टक्के बरोबर आहे. चहाचा रंग उजेडात टिकत नाही आणि तो किंचित आम्लधर्मी असतो, म्हणजे कागदालाही मारक. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यातल्या लिग्निनमुळे (लाकडातलं एक नैसर्गिक द्रव्य) तो पिवळा पडतो आणि पुढं ठिसूळ होतो. पण या चित्रांत चहा नाही. तो तपकिरी म्हणजे रॉ अंबर ॲक्रिलिक, पाण्यात इतकं पातळ केलेलं की खालची पेन्सिल दिसावी. वर्तमानपत्रही मूळ नाही. त्याची लेझर प्रत सुती हातकागदावर काढली आहे. इथं लेझरच हवा: त्याचा टोनर (छपाईची पूड) पाण्यानं हलत नाही. साध्या इंकजेटची छपाई मात्र पाणी लागताच जांभळी होऊन पसरते.

चिकटवायला गव्हाची खळ वापरली नाही, कारण आपल्याकडच्या पावसाळ्यात तिला बुरशी धरते आणि कसर लागते. मिथाइल सेल्युलोज (पुडीपासून करायची खळ) वापरलं: १०० मिली पाण्याला ३ ते ४ ग्रॅम. पूड आधी एक तृतीयांश गरम पाण्यात भिजवायची आणि उरलेलं पाणी थंड घालायचं. गार पाण्यात थेट टाकली की गाठी होतात आणि त्या काही केल्या मोडत नाहीत.

आता मुख्य मुद्दा, रेषेचा. कोरडा घडीव दगड नुसत्या रेषेत उत्तम येतो. टाकीचे घाव हेच मुळात रेषा असतात, निबानं तिरपी जाळी टाकली की काम होतं. पण माझ्या रेखाटनातली घाटावरची दीपमाळ आषाढातली, पावसात भिजलेली आहे. पाणी दगडाच्या बारीक खळग्यांत भरलं की उजेड विखुरत नाही, दगड एकदम काळाभोर होतो, आणि त्याच काळ्यावर धारेला लखलखीत पांढरं येतं. हे जाळीनं करायला गेलं की सगळं सारख्या करड्यावर येऊन थांबतं. जाळी दाट केली तर कागदाचं पांढरं मरतं, विरळ ठेवली तर दगड वाळतो.

म्हणून मेण. दीपमाळेच्या पायथ्याचा उजवा कोपरा पुन्हा पाहा. तिथं आधी वॉटरप्रूफ शाईची रेषा आहे. ती पूर्ण वाळल्यावर साधी पांढरी मेणबत्ती आडवी धरून, न दाबता फिरवली आहे. ३०० जीएसएमच्या (जाड) कोल्ड प्रेस, म्हणजे खरखरीत, कागदाच्या फक्त उंचवट्यांना ती लागते. वरून एक भाग शाईला आठ-दहा भाग पाण्याचा वॉश (पातळ शाईचा हात) दिला की शाई खळग्यांत बसते आणि उंचवटे पांढरे राहतात. दगडाचा पोत हातानं एकेक ठिपका देऊन असा येत नाही, आला तरी ठिपके मोजल्यासारखे दिसतात.

क्रम चुकला तर मात्र काही वाचत नाही. मेणावर निब चालवलं तर शाई मण्यांसारखी गोळा होते, आणि फाइनलायनरचं (बारीक टोकाच्या शाईपेनाचं) टोक मेणानं कायमचं बुजतं. इस्त्री करून टिपकागदानं मेण काढता येतं म्हणतात. मेण निघतं, तेलकटपणा राहतो. म्हणून रेषा, मेण, वॉश, मग चिकटकाम, आणि सगळ्यात शेवटी पेस्टल, तेही जिथं मेण नाही तिथंच. तुम्ही म्हणता तसं रेषा झाकायची असती तर क्रम उलटा असता. इथं रेषा सगळ्यात आधी पडते आणि नंतर ती दुरुस्तच करता येत नाही!

पहिल्याच पायरीवर बहुतेकांचं बिघडतं ते घाईमुळे. शाईची जाड काळी जागा हाताला कोरडी लागते, पण दमट हवेत आत ओली असते. ब्रश फिरला की तिथून करडा ओघळ सुटतो. पावसाळ्यात रात्रभर ठेवावं. सकाळी ओला इअरबड सर्वांत काळ्या जागी टेकवून पाहायचा. कापूस काळा झाला तर अजून थांबायचं. वॉशसाठी नळाचं पाणी नको. क्षार असलेल्या जड पाण्यात शाईतलं काजळ दाणे धरतं. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर गॅरेजच्या दुकानात मिळतं, ते चालतं.

परंपरेबद्दल थोडक्यात. आबालाल रहमान यांची रंकाळा परिसरातली जलरंगचित्रं आपल्या सगळ्यांच्याच डोळ्यांत आहेत. जलरंगाचा कणा म्हणजे पांढरा हा कागदाचा, ट्यूबमधला नव्हे. दीपमाळेच्या त्या कोपऱ्यातही पांढरा कागदाचाच आहे, मेणानं राखलेला. आणि कोल्हापूरला एकाच माध्यमात कधी कोंडता आलं? बाबूराव पेंटर यांनी नाटकांचे पडदे रंगवले, शिल्पं केली, सिनेमाचा कॅमेरा बनवला, सिनेमाची पोस्टरं काढली. राजारामपुरीत अभिनेते-चित्रकार चंद्रकांत मांडरे यांच्या संग्रहालयात पावडर शेडिंगची (कोरड्या रंगपुडीनं छटा दिलेली) निसर्गचित्रं आहेत, त्यात पाण्याचा थेंब नाही.

तरी तुमचा राग कुठून येतो ते कळतं. मिश्र माध्यम म्हणून प्रदर्शनात जे टांगलं जातं, त्यातलं बरंचसं म्हणजे चित्र जमेना म्हणून ओतलेली कॉफी आणि वर सोनेरी रंग. माझी कसोटी सोपी आहे. चित्राचा मोबाइलवर फोटो काढून तो कृष्णधवल करायचा आणि ज्या थराबद्दल शंका आहे तो बोटानं झाकायचा. काहीच बिघडलं नाही तर तो थर फुकटचा. घाटाच्या कमानीतलं नारिंगी पेस्टल या कसोटीला उतरतं, कारण ते रंगासाठी नसून शेजारच्या ओल्या काळ्याहून दोन पायऱ्या उजळ जागा धरून ठेवतं.

टिकाऊपणाचं एक राहिलं. पेस्टलवर फिक्सेटिव्ह (रंग धरून ठेवणारा फवारा) ३० सेंटिमीटरवरून दोन हलके हात. एकच जड हात दिला तर उजळ जागा काळवंडतात. धो धो पावसाच्या दिवशी फवारलं तर पांढुरका पडदा येतो, म्हणून उघडीप बघून. फ्रेम करताना काच चित्राला टेकता कामा नये, मधे आम्लमुक्त माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) हवा. फ्रेमच्या मागं खाली दोन बुचाचे तुकडे लावले की भिंतीची ओल थेट पोचत नाही.

शेवटी तुम्ही शाई विचारली होती. बाटलीतली काळी इंडिया इंक, लाखेची, जी फाउंटन पेनात कधीच भरू नये. लाख आत वाळली की पेन गेलं. ती टाकाच्या निबानंच वापरायची. नव्या निबाला कारखान्याचं तेल असतं, त्यामुळे शाई धरत नाही. साबणाच्या पाण्यानं पुसून घ्या, आणि काम संपल्यावर लगेच धुऊन कोरडं करा, नाहीतर आपल्या हवेत आठवड्यात गंजतं.