पीएफकडे बघायचं नसतं

सॅलरी स्लिप आली की सगळ्यांत खालचा आकडा बघायचा आणि फाईल बंद करायची. वरती ‘पीएफ’ म्हणजे भविष्य निर्वाह निधी नावाची एक ओळ असते, बेसिक आणि महागाई भत्त्याच्या 12 टक्क्यांची. नजर पडलीच तर ‘कापले मेल्यांनी’ म्हणायचं आणि चहाला निघायचं. मालकालाही तेवढेच भरावे लागतात, असं कुणी सांगू लागलं तर त्याला तिथेच गप्प करा, नाहीतर आपला राग पातळ होतो. (तो हिस्साही बहुतेक ठिकाणी आपल्याच सीटीसीत, म्हणजे नोकरी देताना सांगितलेल्या वार्षिक पॅकेजात मोजलेला असतो, ही गंमत वेगळी.)

एवढं करूनही पीएफचं पासबुक उघडलंतच, तर अर्धवट वाचा. समजा बेसिक 15,000 आहे. तुमचे कापले 1,800, कंपनीच्या रकान्यात मात्र 550. झालं! उरलेले 1,250 कंपनीने खाल्ले, असा मेसेज ताबडतोब ग्रुपवर टाका. शेजारीच पेन्शनचा रकाना असतो आणि ते 1,250 तिथे सुखाने बसलेले असतात, पण इतक्या उजवीकडे बघितलं तर मान अवघडते.

त्या पेन्शनचं गणितही करू नका. दहा वर्षं नोकरी झाली की 58 व्या वर्षी हक्क मिळतो. शेवटच्या 60 महिन्यांच्या पगाराची सरासरी गुणिले नोकरीची वर्षं, भागिले 70. पगार तुमचा लाखाचा असेना, 2014 पासून हिशेबाला धरतात 15,000च. म्हणजे 35 वर्षं घासून महिना 7,500च्या आसपास. आकडा आजच कळला तर वेगळी काही सोय करण्याचा मोह होईल. तो टाळा.

नोकरी बदलली की रक्कम ट्रान्सफर वगैरे करत बसू नका, सरळ काढून घ्या. सलग पाच वर्षं भरायच्या आत काढली तर कर लागतो, पण देशसेवा म्हणून तेवढं करावं. तीन लाख हातात आले की नवी गाडी दारात येते, शेजारी बघतात. तेच तीन लाख 8.25 टक्क्यांनी (2024-25 चा दर हाच होता, पुढे काय ते सरकार जाणे) 25 वर्षं पडून राहिले तर एकवीस लाखांच्या वर जातात. पण पडून राहिलेल्या पैशाकडे शेजारी बघत नाहीत.

गुंतवणुकीचं विचाराल तर त्यात आपण डोकं घालायचं नाही. हा पैसा बराचसा रोख्यांत जातो, 2015 पासून थोडा ईटीएफमार्फत, म्हणजे अनेक शेअर एकत्र बांधलेल्या फंडांमार्फत, शेअर बाजारातही. तुम्ही मात्र ‘पीएफ म्हणजे म्हाताऱ्यांचं काम’ म्हणणाऱ्या मित्राचं ऐका, तोच जो शेअर बाजारात ऑप्शनच्या सट्ट्यात हात पोळून सध्या उसने मागतोय. वडिलांचं ऐकू नका. ते सारखं ‘आमच्या वेळी 12 टक्के मिळायचे’ म्हणतात. मिळायचे, खरंच मिळायचे. तेव्हाची महागाई ते सांगत नाहीत.

आणि नावाचा घोळ? तो तर मुळीच आधी निस्तरू नका, निवृत्तीला काहीतरी उद्योग हवा. माझं पीएफला आडनाव आधी, आधारवर शेवटी, आणि वडिलांच्या नावात एक ‘ए’ कमी. जुन्या कंपनीत फोन केला तर कळलं, फॉर्म भरणाऱ्या बाई निवृत्त झाल्या. त्यांना त्यांचा पीएफ मिळाला का, हे विचारायचं राहूनच गेलं.

नॉमिनी कोण लावलाय ते आठवू नका. नोकरीत असताना गेलात तर घरच्यांना पीएफसोबतचाच सात लाखांपर्यंत विमा मिळू शकतो आणि त्याचा एक पैसाही आपल्या पगारातून कापत नाहीत, हे बायकोला तर चुकूनही सांगू नका.

शेवटचं, मोबाईल नंबर बदलला तरी पीएफला जुनाच राहू द्या. तो आता दुसऱ्या कुणाला तरी मिळाला असेल. त्या भल्या माणसाला दर महिन्याला मेसेज येतो, तुमच्या खात्यात किती जमा झाले आणि एकूण किती आहेत. तुमच्या पीएफवर कुणाचं तरी लक्ष आहे.