गाठीला सुई लावू द्या, बिब्बा नको

‘छातीतल्या गाठीला सुई लावू देऊ नका, कॅन्सर अंगभर पसरतो. बिब्बा लावा, गाठ विरघळते.’ हा मेसेज आता एएनएम-जीएनएम (नर्सिंग) शिकणाऱ्या आमच्या मुलींच्या ग्रुपवरही आलाय. शेपटीला आणखी तीन दावे: काळ्या ब्रामुळे कॅन्सर होतो, न दुखणारी गाठ साधी असते, मशीनशिवाय नुसत्या हातानं काही कळत नाही. गावातल्या बायका उद्या ज्यांना विचारणार, त्याच मुली हे पुढे पाठवताहेत!

आधी सुईचं. हा समज कुठून आला ते उघड आहे. ‘कापसाची वेचणी होऊ दे, मग पाहू’ म्हणत बाई सहा-सहा महिने काढते. सेवाग्रामला किंवा नागपूरला पोचते तेव्हा आजार काखेत उतरलेला असतो. सुई लागते, पाठोपाठ वाईट बातमी येते, आणि दोष सुईच्या माथी बसतो. सुईच्या वाटेत थोड्या पेशी सांडू शकतात, एवढं मान्य. पण बहुतेक तिथंच मरतात. उरल्याच तर ऑपरेशन आणि शेक (रेडिएशन) त्यांचा निकाल लावतात. सुईमुळे बाईचं आयुष्य घटत नाही.

वॉर्डात बायोप्सी, म्हणजे सुईनं गाठीचे तुकडे तपासायला काढणं, नीट पाहा. जागा बधिर करून १४ गेजच्या सुईनं शेवयीच्या तुकड्यांसारखे चार-सहा तुकडे काढतात. नंतर दहा मिनिटं दाबून धरायचं, नाहीतर रक्त साकळतं. तुकडे तासाभराच्या आत १० टक्के बफर्ड फॉर्मेलिनमध्ये (तुकडे टिकवणाऱ्या द्रवात) पडलेच पाहिजेत. सलाइनमध्ये पडून राहिले तर ईआर-पीआरचा, म्हणजे कॅन्सर हार्मोनवर वाढतो का याचा, रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. मग जिला टॅमॉक्सिफेन हे हार्मोन अडवणारं औषध लागू पडलं असतं तिला ते मिळतच नाही. ती फॉर्मेलिनची बाटली बहुतेकदा सिस्टरच्याच हातात असते.

आणि बिब्बा? त्यानं गाठ विरघळत नाही, कातडी जळते. फोड येतात, जखम चिघळते, खालची गाठ हाताला लागेनाशी होते आणि बाई महिनाभर जखमेचंच औषध घेत बसते.

ब्राच्या रंगाचा काही संबंध नाही. न दुखणाऱ्या गाठीचं तर उलटंच आहे: कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. विशीतल्या मुलींच्या बहुतेक गाठी फायब्रोॲडेनोमाच्या, म्हणजे कॅन्सर नसलेल्या, निघतात हे खरं, पण ते सोनोग्राफीनं ठरवायचं, अंदाजानं नाही.

राहिला हात. टाटा मेमोरियल या कॅन्सर रुग्णालयानं १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांतल्या ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दोन-दोन वर्षांनी हातानं तपासणी केली. वीस वर्षांचा हिशेब २०२१ मध्ये छापून आला: आजार लवकरच्या टप्प्यात सापडला, आणि पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत तसा फरक दिसला नाही, हेही त्यात आहे.

स्वतःला तपासायचं तर पाळी सुरू झाल्यापासून सातव्या ते दहाव्या दिवशी. मधल्या तीन बोटांच्या पेरांनी, हलका, मग मध्यम, मग खोल दाब देत, उभ्या पट्ट्यांत: गळ्याच्या हाडापासून स्तनाखालच्या घडीपर्यंत, काखेपासून छातीच्या मधल्या हाडापर्यंत. चिमटीत धरू नका, चिमटीत प्रत्येक ग्रंथी गाठच वाटते. काख मात्र सोडू नका. घाईत नेमकी तीच राहते.