‘सोलापुरात शिकून काय उपयोग?’ या फॉरवर्डला उत्तर

बारावीचा निकाल लागला की तोच मजकूर व्हॉट्सअॅपवर फिरायला लागतो: ‘सोलापुरात कंपन्याच नाहीत. कॉलेज आणि कंपनीचे करार फोटोपुरते. अप्रेंटिसशिप म्हणजे फुकटची हमाली. शंभर टक्के प्लेसमेंटवालं पुण्याचं कॉलेज गाठा.’ मी इथल्याच एका कॉलेजात प्लेसमेंटचं काम बघतो, तेव्हा मी माझ्याच घरची बाजू घेणार हे धरून वाचा.

कंपन्या नाहीत म्हणे! जगभरातल्या गाड्यांच्या इंजिनांसाठी कॅमशाफ्ट बनवणारी प्रिसिजन कॅमशाफ्ट्स सोलापूरचीच. फताटेवाडीजवळ एनटीपीसीचा 1320 मेगावॅटचा वीजप्रकल्प आहे. अक्कलकोट रोड आणि चिंचोळी एमआयडीसी आहे, टॉवेल आणि युनिफॉर्मचे कारखाने आहेत. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला काचेची इमारत दिसली नाही की कंपनी दिसत नाही, त्याला काय करणार बे!

आणि या कारखान्यांना माणूस हवा असतो. फक्त त्याला नेमकं काय यायला हवं, हे आम्हाला कॉलेजात बसून कळत नाही. टॉवेलचंच घ्या. आमच्या बी.कॉम.च्या मुलाला जमाखर्च येतो. पण जीएसएम म्हणजे टॉवेलचं दर चौरस मीटरचं वजन, हे त्याने कधी ऐकलेलं नसतं. इनव्हॉइसवर एक वजन, पॅकिंग लिस्टवर दुसरं, की माल बंदरावर अडकलाच. एका निर्यातदाराने दोन दुपारी येऊन जुन्या कागदांतल्या चुका मुलांना शोधायला लावल्या. पुस्तकातला एक्स्पोर्टचा धडा मुलांना तेव्हा समजला. मेकॅनिकलच्या मुलांचंही तेच. मुलाखतीत मायक्रोमीटर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन, हातात दिलं की डिस्टिंक्शनवाल्यालाही घाम फुटतो. ते वाचायला शिकायला तासभर पुरतो, फक्त शिकवणारा रोज वापरणारा हवा.

करार फोटोपुरते, हे मात्र बऱ्याच अंशी खरं. शाल, श्रीफळ, फाइल, फोटो. अशा फायली आमच्या कपाटातही आहेत. पण त्यावरून सगळ्यांना एका दावणीला बांधू नका. कंपनीचा माणूस वर्षात किती तास वर्गात आला आणि किती मुलं किती दिवस कारखान्यात गेली, एवढं विचारा. उत्तर देताना प्राचार्य चाचरले, तर तो करार फोटोचाच.

फुकटच्या हमालीचा मुद्दा दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी करतो. अप्रेंटिसशिपला 1961 चा कायदा आहे. 2019 च्या नियमांनी तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना मनुष्यबळाच्या 2.5 ते 15 टक्के अप्रेंटिस घेणं बंधनकारक केलं आणि किमान विद्यावेतनही ठरवलं: डिप्लोमाला महिना 8,000, पदवीला 9,000 रुपये. नोंदणी झालेला करार असतो, शेवटी प्रमाणपत्र मिळतं. नोकरीची हमी नसते, हेही सांगून टाकतो. नव्या शैक्षणिक धोरणातलं ओजेटी, म्हणजे ऑन-द-जॉब ट्रेनिंग, वेगळं. ते अभ्यासक्रमातले चार क्रेडिट, म्हणजे साधारण 120 तास. तिथे पैसे मिळतीलच असं नाही, आणि झेरॉक्स काढायला बसवलेली मुलंही मी पाहिली आहेत. गेल्या वर्षी एका ठिकाणाहून चार मुली आठवड्यात परत बोलावल्या. मालक रुसले, अजून फोन उचलत नाहीत.

उरलं शंभर टक्के. वर्गात 120 मुलं; बॅकलॉगवाली, म्हणजे विषय राहिलेली, वगळली, पुढे शिकणारी वगळली, राहिली 40. त्या 40 जणांना ऑफर मिळाली, की बॅनरवर 100 टक्के. हिशेब चुकलेला नाही, भागाकार कशाने केला ते फक्त सांगितलेलं नाही. पुण्यातही हेच चालतं आणि सोलापुरातही. म्हणून पुण्याला जायला सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडायच्या आधी बॅनरवाल्याला विचारा: वर्गात एकूण किती होते, आणि पगाराच्या आकड्यात सगळ्यात कमी कोणाला मिळाला?