मेळघाटातल्या कुपोषणावर संशोधनाचा पेपर लिहायचाय? या, या!

आधी महिना ठरवा. जानेवारीच धरा. हवा गार, रस्ते कोरडे, नशीब असेल तर वाघही दिसतो. ज्यांच्यावर लिहायचं ती कोरकू आदिवासी माणसं तेव्हा घरी नसतात, ही बाब किरकोळ. दिवाळीनंतर घरंच्या घरं कामासाठी बाहेर पडतात, ती होळीला परततात. तुम्हाला भेटतील ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्या आणि त्यांच्यापाशी ठेवलेली नातवंडं. तोच तुमचा नमुना. कुलूपवाल्या घरांसाठी फॉर्मात 'प्रतिसाद नाही' असा रकाना असतोच. होळीत मात्र फिरकू नका. तेव्हा सगळं गाव घरी असतं, पण बाया फगव्यासाठी, म्हणजे होळीच्या पैशांसाठी, गाडी अडवतात आणि प्रश्न विचारायच्या आधी खिशात हात घालावा लागतो.

मग जमातीचा रकाना. 'आदिवासी' एवढं पुरे. कोरकू, गोंड, निहाल असं वेगळं करत बसलात तर तक्ता पानात मावायचा नाही. कोरकू भाषा मुंडा कुळातली, गोंडी द्रविड कुळातली. पण तुम्हाला दोन्ही कळत नाहीत, म्हणजे हिशेब सारखाच. जात विचारायचा संकोच वाटत असेल तर घराकडे बघून लिहा. एका चमूसोबत मी दुभाष्या म्हणून हिंडलो, तेव्हा त्यांच्या यादीत माझ्याही नावापुढे 'आदिवासी' अशी खूण होती. मी धारणीच्या बसमधून उतरलो होतो, एवढाच पुरावा.

त्याच गावात गवळी राहतात, बलई राहतात. रस्ता तोच, उपकेंद्र तेच, रिकामी खुर्चीही तीच. त्यांची पोरं चुकूनही वजनकाट्यावर ठेवू नका. तीही तेवढीच हडकुळी निघाली, तर 'कोरकू संस्कृती आणि कुपोषण' या शीर्षकाचं काय करणार?

कारण म्हणून भुमका घ्या, म्हणजे गावचा भगत-वैदू. पोट फुगलेल्या लेकराला तापल्या लोखंडाचा चटका देतात, ते वाईटच आहे. त्याचा फोटोही चांगला येतो. फक्त त्या रात्री जवळचा उघडा दवाखाना किती कोसांवर होता, तिथवर जायला गाडी होती का, आईची त्या दिवसाची मजुरी बुडणार होती का, हे विचारायचं नाही. आदिवासी भागात 20,000 लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि 3,000 लोकांमागे एक उपकेंद्र, हा सरकारी निकष. माणसं मोजली, नाले मोजले नाहीत. तुम्हीही मोजू नका. नाल्यामागे गेलात की गाडी पुलाशी थांबते, पुलामागे एखादं खातं निघतं आणि खात्यामागे एखादा साहेब. भुमका कोणत्याच खात्यात नोकरीला नाही. त्याच्यावर ठपका ठेवला की कुणाची बदली होत नाही.

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार 'आदिवासींचा आजार' म्हणून उरकून टाका. विदर्भात तो अनुसूचित जातींतही आहे, पण मग शीर्षक लांबतं. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे, हे गावात समजावत बसू नका. कार्डावर 'एएस' ही वाहकाची खूण लिहून दिली की झालं. पुढे पोरीची सोयरीक मोडली, तर तो समाजशास्त्रवाल्यांचा विषय.

गडचिरोलीचे दाखले देणारा एखादा भेटेलच. डॉक्टर बंग दांपत्याच्या 'सर्च' संस्थेने आधी लोकांनाच विचारलं, मग गोंडांच्या गावासारखा दिसणारा दवाखाना बांधला, त्याला त्यांच्या दंतेश्वरी देवीचं नाव दिलं, वगैरे. किती वर्षं गेली त्यात! तुमची फेलोशिप अकरा महिन्यांची.

राहिली संमती. समजेल अशा भाषेत घ्यावी, असं आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. कुणाला समजेल ते तुम्ही ठरवा. 'सहभागी व्यक्तीस कोणत्याही टप्प्यावर माघार घेण्याचा अधिकार अबाधित राहील' हे वाक्य म्हातारीपुढे सावकाश वाचा. ती डावा अंगठा पुढे करते. शाईचं पॅड अजून उघडलेलंही नसतं. मग ती कोरकूत काहीतरी पुटपुटते, म्हणजे मागच्या खेपेला नेलेल्या रक्ताचं काय झालं, एवढंच विचारते. दुभाष्याने याचं मराठी करू नये म्हणून त्याला आधीच चहा पाजून ठेवावा.

माझं तर नुसत्या बिस्किटावरच भागलं होतं.