जेवणाचं खातं

डबा मी धुतला, हे आधीच कबूल करून टाकते. चार कप्प्यांचा स्टीलचा डबा, वॉर्डाच्या टोकाच्या बेसिनवर, एका काखेत फाइल आणि दुसऱ्या काखेत मोजपट्टी सांभाळत. गळ्यात ओळखपत्र होतं, त्यावर ‘डाएटेटिक्स इंटर्न’ असं ठळक छापलेलं होतं आणि डब्याचं तेलकट पाणी बरोबर त्यावरच उडालं. परवा दुपारी पावणेदोनची गोष्ट. अजून वास येतोय.

डबा बारा नंबरच्या मावशींचा. मुलगा तापाने दाखल, म्हणून पेडण्याकडून रोज बसने येतात. माझ्याशी मराठीत बोलतात, माझ्याबद्दल कोकणीत. पहिल्याच दिवशी त्यांनी माझी चौकशी केली होती.

“तू डॉक्टर गो?”

“नाही मावशी, डाएटिशियन. म्हणजे, होणार आहे.”

“म्हणजे नर्स.”

“नाही. कुणी काय खायचं, किती खायचं, ते मी सांगते.”

“त्याला शिक्षण असतं?”

“पाच वर्षं. वर सहा महिने हे.”

मावशींनी माझ्याकडे जी नजर टाकली ती अपमानाची असती तर चाललं असतं. ती कणवेची होती. “आईनं नाही शिकवलं?”

यावर उत्तर नाही. मी वाटीचा विषय काढला. आमच्या हिशेबात वाटी १५० मिलीची. मावशींच्या घरी वाटी नाहीच, करवंटीची दवली आहे, आणि ती कोण वाढतं यावर तिचं माप ठरतं. सून वाढते तेव्हा अर्धी, मावशी वाढतात तेव्हा डोंगर. त्यामुळे “किती भात खाता?” हा प्रश्न गोव्यात विचारू नये. तांदूळ महिन्याला किती लागतो आणि खाणारी तोंडं किती, ते विचारावं आणि भागाकार घरी करावा. तेलाचंही तसंच. नारळाचं तर नक्कीच. “खोबरं बेतानंच हां” म्हणणाऱ्या चौघांच्या घरात आठवड्याला दहा नारळ फुटतात. एका नारळाचं खोबरं १५० ग्रॅम धरलं तर माणशी रोज ५० ग्रॅमच्या वर, म्हणजे २०० कॅलरीच्या आसपास, नुसती चव यावी म्हणून. (रस काढून चोथा टाकत असतील तर थोडं कमी धरा. टाकत नाहीत.)

पण डब्याकडे येऊ. अकरा नंबरवर डायलिसिसचे काका. त्यांचा आहार मी लिहिला होता, आणि चांगला लिहिला होता. कोरडं वजन, म्हणजे अंगातलं जादा पाणी काढल्यावरचं, ५२ किलो. डायलिसिस चालू असल्यामुळे प्रथिनं किलोमागे १.२ ग्रॅम, म्हणजे रोज ६२ ग्रॅम. पोटॅशियम २००० मिलीग्रामच्या आत, कारण बिघडलेलं मूत्रपिंड ते नीट बाहेर टाकत नाही. पाणी म्हणजे आदल्या दिवशीची लघवी अधिक ५०० मिली. काकांच्या बाबतीत ८००. त्यात चहा, आमटी, पेज, गोळ्या गिळायचं पाणी, सगळं आलं. पेज हे पाणीच असतं हे काकांना पटवायला मला दोन दिवस लागले. पेज म्हणजे जेवण, पाणी म्हणजे पाणी, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

भाजीसाठी स्वयंपाकघरात सूचना लावली होती: साल काढा, पातळ चिरा, भरपूर पाण्यात उकळा, पाणी फेका. नुसतं भिजत घालून फारसं पोटॅशियम निघत नाही, खरं काम उकळण्याचं आहे. आचारीमामांनी तीन दिवस हे निष्ठेनं केलं. मग मी एकदा पातेल्यात डोकावले तर ते उकळलेलं पाणी काकांच्याच आमटीत घालत होते. “फेकायचं कशाला गो, सगळं सत्त्व त्यातच!” बरोबर आहे. म्हणूनच फेकायचं होतं. मावशींनी ती भाजी काकांच्या ट्रेमधून चाखली आणि वॉर्डभर ऐकू जाईल असं विचारलं, “ही कुणी आधी खाऊन ठेवली काय?”

तर परवा सकाळी काकांचं रक्तातलं पोटॅशियम आलं ६.१, म्हणजे वाढलेलं. दोन डायलिसिसच्या मध्ये वजन साडेतीन किलो वाढलेलं, म्हणजे साडेतीन लिटर पाणी अंगात. राउंडला सात जण उभे, आणि सातही जण माझ्या तक्त्याकडे बघत होते. “हिशेब परत तपास,” मोठे डॉक्टर एवढंच म्हणाले. मी परत तपासला. ४, ४, ९ च्या पाढ्यात (प्रथिनं, कर्बोदकं, चरबी यांच्या ग्रॅममागे कॅलरी) मी चुकत नाही. काकांना विचारलं, काल दिवसभरात काय खाल्लं? “सकाळी चा, दोन बिस्किटं. दुपारी तुमचंच जेवण.” ‘तुमचंच’वर जोर. मी ते तसंच लिहून घेतलं. दुसरं काय करणार?

दुपारी मावशींनी हाक मारली आणि डबा माझ्या हातात दिला. “बाय, एवढा धुवून आण.”

“मावशी, मी...”

“जेवणाचं खातं तुझं ना?”

आता सांगा, या वाक्यात चूक कुठे आहे? मी अजून शोधतेय.

बेसिनवर पहिला कप्पा उघडला: उकड्या तांदळाच्या शीताचे लालसर कण कडेला चिकटलेले. दुसरा: आळसांद्यांचं तोणाक, म्हणजे चवळीची खोबऱ्याच्या वाटणातली आमटी, तळाशी मसाल्याचा थर. तिसरा: सुक्या बांगड्याची किसमूर, म्हणजे खोबरं घातलेली कोशिंबीर, वासावरूनच. चौथ्याला सोलकढीचं गुलाबी वळं. तापाच्या मुलाला सुका बांगडा? त्याला तर चार दिवस पेज चालू होती. आणि मग दिसलं ते खरं: डब्यात दोन चमचे. एक घरचा, फुलाच्या दांड्याचा. दुसरा आमच्या ट्रेमधला.

बांगडा खारवलेला, म्हणून तहान, म्हणून साडेतीन लिटर. कडधान्य न उकळलेलं... म्हणजे उकळलेलंच, पण पाणी न फेकलेलं. नारळाचा रस वर. मी हात पुसत गेले आणि जमेल तितकं हळू म्हणाले, “मावशी, काकांचं पोटॅशियम वाढलंय.”

“मी घातलं नाही.” लगेच. “मी मीठ, हळद, तिरफळ घातलं. पोटॅशियम दुकानात मिळत असेल, पण मी आणलं नाही.”

“तसं नाही मावशी, ते खोबऱ्यात, कडधान्यात असतंच...”

“देवानं घातलेलं मी काढू? आणि उपाशी ठेवायचा काय त्याला? शेजारी बसून मी माझ्या मुलाला भरवायचं आणि त्यानं ती चोथ्याची भाजी चावायची? आमच्यात नाही असं करत.” मग आवाज खाली आणून, “आणि तुमचं ऐकतेच की गो मी. मीठ कमी सांगितलंस ना? त्याच्यासाठी मुद्दाम वेगळं आणलं, महागातलं. बीपीचं.”

पिशवीतून पाकीट निघालं. लो सोडियम मीठ. मागच्या बाजूला, मुंगीच्या अक्षरात: पोटॅशियम क्लोराइड.

म्हणजे दुकानात मिळतं, आणि मावशींनी ते आणलं होतं. सोडियम कमी करायला मिठातला काही भाग पोटॅशियमचा घालतात. ज्याचं मूत्रपिंड धड आहे त्याला ठीक, पण डायलिसिसवाल्याला ते विकतचं संकट. आणि मी आठवडाभर त्या खाटेपाशी उभी राहून “मीठ कमी, मीठ कमी” म्हणत होते. “ते दुसरं मीठ तर मुळीच नको” हे एकदाही म्हटलं नव्हतं. हे मला झोंबलं. मावशींना काही नाही. त्यांनी पाकीट परत पिशवीत टाकलं, “घरी दाज्याला लावते.” दाज्याचं मूत्रपिंड कसं आहे, हे विचारायची माझी छाती झाली नाही. मग झाली, विचारलं. साखरेचा आजार आहे, गोळ्या चालू आहेत, क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्ततपासणी, कधी केलेली नाही. पाकीट मी काढून घेतलं.

संध्याकाळी रेसिडेंट डॉक्टरला सगळं सांगितलं: बांगडा, तोणाक, मीठ. त्यानं विचारलं, “कळलं कसं?” मी म्हटलं, डबा धुतला. तो हसला, त्यानं ते दोघांना सांगितलं, ते दोघे हसले. फाइलमध्ये लिहिलं, ‘डाएट काउन्सेलिंग डन’. बस. ‘हाय प्रोटीन डाएट’ हे तीन शब्द लिहून निघून जाणाऱ्या माणसाकडून एवढंच. प्रथिनं कशातून द्यायची, पोटॅशियम सांभाळून, जो माणूस अंड्याचा पांढरा भाग बघून तोंड फिरवतो त्याला, हे ज्यानं करायचं त्याचं सगळं काम ‘डन’मध्ये मावतं. विद्यावेतन नाही, मोजपट्टी स्वतःच्या पैशाची. आणि वाटायला दिलेला छापील तक्ता भलत्याच कुठल्या तरी मुलखातला: दलिया, लौकी, पनीर, दोन फुलके. त्यात पेज नाही, पोई (गोव्याचा पाव) नाही, नुस्तं (मासळी) नाही. पोईला कोंडा लागलेला असतो म्हणून ती साखरवाल्यांना मोकळी, असं पोदेरापासून (पाववाल्यापासून) प्राध्यापकांपर्यंत सगळे मानतात. तोलून बघा, पीठ ते पीठच. पण हे लिहायला त्या तक्त्यात जागाच नाही.

मी मागच्या बाजूला हातानं लिहिलं: सुकं नुस्तं बंद, ताजा बांगडा एक, शहाळं बंद, सोलकढी दोन घोट आणि ते पाण्यात धरायचे, डबा कुणाचाही नको. काकांनी वाचलं आणि बारा नंबरकडे बघितलं.

आज सकाळी मावशी दारातच भेटल्या. हात पुढे केला. मला वाटलं, मिठाचं पाकीट मागतायत. डब्याचं झाकण होतं.

“परवा नीट धुतलं नव्हतंस गो बाय. खाचेत बांगडा राहिला.”